कमान मोकळी करताना

दादाभाई नौरोजी रोडवरच्या आमच्या दुकानाची पाटी बदलायचं निमित्त कायद्याने दिलं. राज्य सरकारने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून प्रत्येक दुकानावर मराठी पाटी सक्तीची केली आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असंही बजावलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या पाटीवर मराठी होतं, पण खालच्या कोपऱ्यात, बारीक. बाबा म्हणाले, "पाटीवाल्याला बोलव, याच मापाची नवी करून घे." मी म्हटलं, "बाबा, पाटी करू, पण एवढी नको. तिच्यामागची कमान मला परत हवीये."

आमचं दुकान ड्रॉइंगच्या सामानाचं. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रंग, ब्रश. सर ज. जी. कलामहाविद्यालय याच रस्त्यावर, त्यामुळे गिऱ्हाइकांत विद्यार्थी फार. आजोबांनी १९५०च्या दशकात पागडी देऊन गाळा घेतला. दुकान उघडलं त्या दिवशीचा एक फोटो घरात आहे. त्यात दोन दगडी खांब दिसतात, त्यांच्यावर पूर्ण गोलाईची कमान, आणि कमानीच्या आत लाकडी पट्टीवर हाताने रंगवलेलं नाव. पुढे तिथे पत्र्याची पाटी आली, मग दिव्यांची पेटी, मग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची भलीमोठी चौकट. प्रत्येक वेळी पाटी मोठी झाली, आणि शेवटची तर खांबापासून खांबापर्यंत कमानीचा चेहराच झाकून बसली. शेजाऱ्यांनीही तेच केलं होतं. एकाची पाटी पुढे आली की दुसरा हातभर आणखी पुढे येतो.

हा रस्ता मुळात एका सलग ओळीचा आहे, हे आधी सांगायला हवं. फोर्टचा किल्ला खरोखर किल्ला होता तेव्हा इथे तट होता. १८६०च्या दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, तो पाडला गेला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर मुंबईचा नवा भाग उभा राहू लागला. तेव्हाचा हॉर्नबी रोड रुंद झाला. १८८५ च्या सुमारापासून पुढची तीसेक वर्षं त्याच्या दोन्ही बाजूंना एकाला लागून एक अशा इमारती चढल्या. कुणी गॉथिक वळणाची बांधली, कुणी ग्रीक-रोमन खांबांची, कुणी घुमट-छत्र्या लावून. मालक वेगळे, वास्तुविशारद वेगळे, पैसा कमीजास्त. तरीही रस्ता एकसंध दिसतो तो १८९६ च्या एका आदेशामुळे. प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची ओसरी सोडायची, असा तो आदेश. वर काय हवं ते करा, खाली मात्र लोकांना सावलीतून आणि पावसातून जाता आलं पाहिजे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात याहून शहाणा बांधकाम-नियम मला तरी माहीत नाही. त्याच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, आणि अशा वर्षात कुणीतरी पायी चालणाऱ्यांचा विचार करत होतं, याचं मला राहून राहून अप्रूप वाटतं.

आमची इमारत वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे. मुंबईचे वारसा नियम १९९५ चे. इमारतींच्या पहिली, दुसरी (अ आणि ब) आणि तिसरी अशा श्रेण्या त्यांनी ठरवल्या, आणि यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर मुंबई वारसा संवर्धन समितीचा विचार घेणं आलं. या रस्त्याचं विशेष असं की इथे पाट्यांचाही अभ्यास झालेला आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) वारसा संवर्धन सोसायटीतर्फे वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी या रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. त्यांचा गाभा साधा आहे: पाटी कमानीच्या आत बसवा, खांब आणि कमानीचे दगड झाकू नका. दुकानदारांनीही एकत्र येऊन साथ दिली, आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाची दखल घेतली गेली. तेव्हा पुष्कळ पाट्या आत गेल्या होत्या. वीस वर्षांत काही पुन्हा बाहेर आल्या. त्यांतली एक आमची.

माझ्या मदतीला आली ती आमच्याच दुकानातून विद्यार्थीदशेत ट्रेसिंग पेपर नेणारी एक वास्तुविशारद. आता ती जुन्या इमारतींचीच कामं करते. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, "अगं, आधी कागद गोळा कर. इमारत कधीची, कुणाची, आधी कशी दिसायची, हे माहीत नसताना मी छिन्नीला हात लावू देणार नाही."

मग मी कागदांच्या मागे लागले, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या कामात मला सर्वांत रमवलं ते यानेच. मुंबई शहरात जमिनीचा माग काढायचा तर कॅडस्ट्रल सर्व्हेचा (जमीन मोजणीचा), म्हणजे सी. एस. नंबर लागतो. तो घेऊन जुन्या कस्टम हाउसमधल्या जिल्हाधिकारी कार्यालयात प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर भाडेपट्टे आणि वारसांच्या नोंदी एकाखाली एक. मग लॉटनचे नकाशे पाहिले. १८७२ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या पाहणीत शहरातल्या घरांच्या भिंती, विहिरी, गल्ल्या इतक्या मोठ्या मापाने काढल्या आहेत की बघत राहावं. आमच्या जागेवर तेव्हा वेगळ्याच आकाराची, छोटी बांधकामं दिसतात. म्हणजे आमची इमारत त्यानंतरची. पुढचा टप्पा टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. तिथे शहराच्या जुन्या वार्षिक डिरेक्टऱ्या आहेत. रस्त्यांची नावं, घरांचे क्रमांक आणि कोण कुठे धंदा करतो याची यादी. पानं इतकी कुडकुडीत की बोटाच्या टोकाने उलटावी लागतात. एकेक वर्ष मागे जात गेले. आजोबांच्या आधी फोटोग्राफीचं सामान विकणारं दुकान, त्याआधी बराच काळ एक टेलर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अलीकडे-पलीकडे आमचा क्रमांक यादीतून नाहीसा होतो. इमारतीचं वय तिथे साधारण निश्चित झालं.

टेलर होता हे कळल्यावर गाळ्याची उंची एकदम समजली. आमचा गाळा तब्बल पाच मीटर उंच. विजेचे पंखे घरोघर येण्याआधीचं बांधकाम, त्यामुळे गरम हवा वर जावी आणि कमानीतल्या झरोक्यातून बाहेर पडावी अशी सोय. शिवाय कापडाचा रंग बघायला वरून येणारा उजेड लागतो. आम्ही त्याच उंचीत लोखंडी अँगलवर पोटमाळा टाकला होता आणि झरोका माल ठेवायच्या जागेत कोंडला होता. फोर्टातल्या बहुतेक गाळ्यांची हीच कथा. पोटमाळ्याने जागा दुप्पट होते आणि उजेड संपतो.

परवानगीसाठी मोजमापांची रेखाचित्रं, फोटो, कामाची पद्धत लिहिलेला अहवाल, सगळं वास्तुविशारद मैत्रिणीने केलं. ज. जी.तल्या काही मुलांनी मापं घ्यायला हात दिला. आम्ही भाडेकरू, त्यामुळे मालकांचं ना-हरकत पत्र हवं होतं. या पत्राने मात्र फार वेळ खाल्ला. मालकांना धास्ती होती की भाडेकरूने दगडाला हात लावला की उद्या तो हक्क सांगेल. शेवटी खर्च आमचा आणि त्यातून कुठलाही हक्क निर्माण होणार नाही, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिल्यावर सही मिळाली. दरम्यान मराठी पाटीची मुदत पाळायला शटरच्या वर आतल्या बाजूला एक साधी लाकडी पाटी लावली होती.

अ‍ॅल्युमिनियमची चौकट उतरवली त्या दिवशी रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. चौकटीचे लोखंडी ब्रॅकेट थेट दगडात ठोकलेले. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की भोवतीचा दगड तडकवतं. तसे तडे जागोजाग गेले होते. कमानीच्या माथ्यावरचा चावीचा दगड मात्र शाबूत होता. त्यावर द्राक्षाच्या वेलीची पानं कोरलेली, पण ऑइलपेंटचे इतके हात बसले होते की पानांच्या शिरा भरून गेल्या होत्या. मिस्त्रींनी पाइपामागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात टाचणीच्या आकाराच्या पात्याने रंगाचे थर एकेक करून उघडले. वर प्लास्टिक पेंट, त्याखाली मळकट पिवळा, मग हिरवा ऑइलपेंट, मग निळा, सर्वांत खाली चुन्याचा पातळ हात, आणि त्याखाली दगड. फिकट सायीच्या रंगाचा पोरबंदरी दगड.

हा दगड दिसतो भक्कम, पण आहे मऊ. समुद्रातल्या शिंपल्यांच्या कणांपासून बनलेला चुनखडक. मुंबईच्या इमारतींत भिंतींना काळा बसाल्ट किंवा मालाडचा पिवळसर दगड आणि नक्षीला पोरबंदरी, अशी वाटणी फार ठिकाणी दिसते, कारण पोरबंदरीवर छिन्नी सहज चालते. पण जे छिन्नीला सोपं तेच ॲसिडलाही सोपं. मिस्त्री म्हणाले, "ताई, ह्याला ॲसिड दाखवायचंसुद्धा नाही. दगड जाईल आणि रंग राहील." वाळूचा फवाराही नको, कारण दगडाची वरची साल हवा-पाण्याने शंभर वर्षांत घट्ट झालेली असते. ती एकदा उडाली की आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो. मी या रस्त्यावर असे फवाऱ्याने 'स्वच्छ' केलेले खांब बघितले आहेत. दोन-तीन पावसाळ्यांत त्यांची पीठासारखी भुकटी निघायला लागते. वारसा इमारत घासूनपुसून नवी दिसायला हवी या हट्टाने जेवढं नुकसान केलंय तेवढं नुसत्या दुर्लक्षाने केलेलं नाही, हे माझं ठाम मत झालंय.

मग सौम्य रसायनाचा लेप. कागदाच्या लगद्यात कालवलेला तो लेप दगडावर थापायचा, वर प्लास्टिक पांघरायचं, आणि रंग सुटला की लाकडी पात्याने उचलायचा. मग नायलॉनचा मऊ ब्रश आणि साधं पाणी. एका पानाच्या शिरा मोकळ्या करायला मिस्त्रींना अर्धी दुपार लागायची. ते बांबूची काडी तासून तिने रंग काढायचे, लोखंडी हत्यार नक्षीजवळ येऊच द्यायचे नाहीत. मी दुकानातल्या सर्वांत बारीक ब्रशांचा एक संच त्यांना दिला. त्यांनी तो शेवटपर्यंत वापरला.

खांबांच्या बैठकीला कधीतरी सिमेंट फासलेलं होतं. जुना दगड आणि चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटने बाहेरची वाट बंद केली की ओल दगडातच अडकते, तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली जमतात आणि दगडाचे पोपडे पडतात. ते सिमेंट हातोडी-छिन्नीने, मशीन न लावता, चिमूटचिमूट काढलं. दगडांमधल्या फटींत, म्हणजे दरजांत, भरायला चुना. कळीचा चुना आणून टाकीत विरवला, गाळला आणि कित्येक आठवडे पाण्याखाली मुरत ठेवला. मग वाळू आणि थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मळला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, त्यामुळे घाई चालत नाही. पातळ थर द्यायचा, गोणपाट लावून ओला ठेवायचा, मग पुढचा थर. पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून सगळं काम दिवाळीनंतर घेतलं होतं. तडकलेले दगड बदलले नाहीत. खराब भाग चौकोनी कापून तेवढाच नवा तुकडा स्टेनलेस स्टीलच्या खुंटीवर बसवला. नवा तुकडा किंचित उजळ दिसतो. मैत्रीण म्हणाली, दिसू दे, दुरुस्ती कुठे झाली ते पुढच्याला कळलं पाहिजे.

झरोक्याची चौकट बर्मा सागाची, अर्ध्या चाकासारखी, मधल्या गोलातून आरे निघालेले. पोटमाळ्याच्या बाजूने काचांना रंग फासलेला आणि बाहेरून पाटी, त्यामुळे ना ऊन लागलं ना पाऊस, आणि लाकूड आश्चर्य वाटावं इतकं धड राहिलं होतं. फक्त खालची आडवी पट्टी, जिथे पाणी साचायचं, ती कुजली होती. सुताराने रे रोडच्या लाकूडबाजारातून एका पाडलेल्या इमारतीची जुनी सागाची तुळई आणली, तिच्यातून पट्टी काढली आणि तिरप्या सांध्याने जोडली. नवा साग त्याने नाकारला, कारण त्याचे रेषे इतके दाट नसतात. काचा पुन्हा बसवताना तयार लांबी न घेता खडूची पूड आणि जवसाच्या तेलाची लांबी मळली. चौकटीच्या वरच्या बाजूला रंगाखाली एक पितळी कप्पी निघाली. दोरी ओढून मधला भाग उघडायची ती सोय. सुताराने तेल घातलं आणि ती फिरली. आता दुपारी आम्ही झरोका उघडतो, आणि एसी पूर्वीपेक्षा कमी चालतो.

पोटमाळा मागे घ्यावा लागला. यावर घरात खरा वाद झाला. "कागदाचे रोल ठेवायचे कुठे? डोक्यावर?" बाबांचा प्रश्न रास्त होता, फोर्टात एकेका फुटाला मोल आहे. शेवटी पुढचा तिसरा हिस्सा काढला आणि उरलेल्यात उभे कप्पे केले. उजेड खालपर्यंत आला त्या दिवशी बाबा काउंटरवर रंगांच्या नमुन्याचे तक्ते मांडून बसले आणि दिवा न लावता गिऱ्हाइकाला दोन निळ्यांतला फरक दाखवला. नंतर त्या विषयावर ते काही बोलले नाहीत.

पाटी सर्वांत शेवटी. कमान जिथून सुटते त्या रेषेच्या खाली, खांबांच्या आतल्या बाजूला, सागाची एक फळी, आणि तिच्यावर पितळी अक्षरं. देवनागरीचा इथे फार उपयोग झाला. रोमन अक्षरं सुटी कापून सुटी बसवावी लागतात. देवनागरीत शिरोरेषेने अख्खा शब्द बांधलेला असतो, त्यामुळे नाव एकसंध पत्र्यातून कापता आलं आणि भोकं कमी पडली. अक्षरं ज. जी.त शिकलेल्या एका चित्रकाराने हाताने काढून दिली. फळी टांगायचे खिळे दगडात न मारता दगडांमधल्या चुन्याच्या दरजांत मारले. उद्या कुणाला ती काढायची असेल तर दगडाला ओरखडासुद्धा राहणार नाही. खाली इंग्रजी नाव, लहान. दिव्यांची पाटी नाही. ओसरीच्या छताला दोन दिवे आहेत, त्यांचा उजेड पाटीवर पडतो आणि चालणाऱ्यांच्या पायाखालीही.

आता पैशाचं. खर्च आमचा झाला, आणि तो चांगलाच झाला. मालकांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचीही बाजू आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९ चा कायदा आला, त्यानंतर वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली, पण ती त्या गोठलेल्या आकड्यावर. अशा भाड्यातून गच्चीची डागडुजीही निघत नाही. वारसा नियमांत मालकाला विकास हक्कांच्या हस्तांतरणाची, म्हणजे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकायची, तरतूद आहे. पण दर्शनी भाग रोज सांभाळतो तो तळमजल्यावरचा भाडेकरू, आणि त्याच्या वाट्याला फक्त बंधनं येतात. दगडाची दुरुस्ती योग्य पद्धतीने करणाऱ्याला मालमत्ता करात थोडी जरी सूट मिळाली किंवा महापालिकेने चुन्याचं काम जाणणाऱ्या मिस्त्रींची यादी जरी ठेवली, तरी या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या आपणहून आत जातील. दुकानदारांना कमानी नको आहेत असं मुळीच नाही. कुणाला बोलवायचं आणि किती पडेल, हे त्यांना माहीत नाही.

आमच्या खांबाशी गेली कित्येक वर्षं एक काका पट्टे आणि पाकिटं विकतात. काम चालू असताना त्यांना पलीकडच्या कमानीत जावं लागलं होतं. परत आल्यावर त्यांनी आपला फळकुटाचा स्टँड खांबाला टेकवायचं स्वतःहून बंद केलं. दगडापासून वीतभर लांब ठेवतात आणि दोरी बांधायला आम्ही शटरच्या चौकटीत एक कडी लावून दिली.

काम पुरं झालंय असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या मजल्याच्या कॉर्निसवर, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या कडेवर, पिंपळ उगवलाय आणि त्याच्या मुळाशीच पावसाच्या पाण्याचा बिडाचा पाइप फुटलाय. ते पाणी कमानीच्या उजव्या खांद्यावर उतरतं. तिथे चुना अजून ओला लागतो, आणि दुरुस्त केलेल्या दगडावर क्षाराची पांढरी रेघ दिसायला लागली आहे. पिंपळ नुसता छाटून उपयोग नाही, मूळ दगडाच्या सांध्यातून काढावं लागतं आणि मग तो सांधा चुन्याने भरावा लागतो. त्यासाठी परांची दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवायची, म्हणजे पुन्हा मालकांची सही. शेजारच्या चष्म्याच्या दुकानदारांनी त्यांची पाटी उतरवायचं ठरवलंय आणि मिस्त्रींना बोलावून आपल्या कमानीचा अंदाज काढून घेतलाय. परांचीचा खर्च दोघांत वाटून घ्यायचा, असं आमचं बोलणं झालंय. अर्ज दोघांच्या सहीने गेला आहे.